पाइनच्या टेबलाला कुठलं पॉलिश?

‘सॉफ्टवुड म्हणजे मऊ लाकूड आणि हार्डवुड म्हणजे कठीण लाकूड’ हे वाक्य वर्षानुवर्षं फर्स्ट इयरच्या वर्कशॉप जर्नलमध्ये एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे उतरत आलेलं आहे. त्याखाली सरांची सहीही असते. गंमत अशी की हे वाक्य अर्धंच खरं आहे. सॉफ्टवुड ही जात लाकडाच्या कठीणपणावरून नव्हे, तर झाडावरून ठरते. पाइन, देवदार, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांचं लाकूड ते सॉफ्टवुड; सागवान, आंबा, शिसव अशा रुंद पानांच्या झाडांचं ते हार्डवुड. म्हणून एरोमॉडेलिंगवाली मंडळी जे नखाने दबणारं बाल्सा वापरतात, ते शास्त्राप्रमाणे हार्डवुड! पण आपल्याकडे बाजारात ‘सॉफ्टवुड’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पाइन, आणि ते खरोखरच मऊ असतं. या लेखापुरतं तेवढं पुरे.

हा विषय काढण्याचं कारण असं. यंदा आमच्या हॉस्टेलच्या रीडिंग रूमसाठी आठ टेबलं आणि दोन पुस्तकांची कपाटं करायची ठरली. पैसे मेसच्या शिलकीतले, लाकूड पॅकिंग केसचं पाइन, जोडकाम वर्कशॉपमधल्या सुतार मामांचं आणि घासकाम आम्हा पोरांचं. टेबलं उभी राहिली आणि प्रश्न आला, याला लावायचं काय? हॉस्टेलमध्ये अभ्यास सोडून प्रत्येक विषयावर प्रत्येकाचं मत असतं, तसं यावरही होतं. मामा म्हणाले, “पोरांनो, मेलामाइन मारू, काचेसारखं चमकेल.” रेक्टर सरांना सागवानी रंग हवा होता. एकाचं म्हणणं ऑइल पेंट फासा आणि मोकळे व्हा. आणि रीडिंग रूमला लागून असलेल्या खोलीत आमचा एक मित्र राहतो, त्याला दम्याचा त्रास आहे. त्याने फक्त एवढंच विचारलं, “वास किती दिवस राहणार?” मला वाटतं, सगळ्यांत नेमका प्रश्न त्याचाच होता. त्यानंतर लायब्ररी, मटेरियल लॅब आणि मामांचा तीस वर्षांचा हात या तिन्हींच्या मदतीने जे समजलं ते इथे मांडतो.

आधी फळी कुठून आली ते बघा

आपल्याकडे पाइन दोन वाटांनी येतं. एक म्हणजे परदेशातून कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या करवतींवर चिरलं जाणारं, मुख्यतः न्यूझीलंडचं रेडिएटा पाइन. हे झाड मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं, पण लागवड झाली न्यूझीलंडमध्ये. दुसरी वाट म्हणजे मशिनरीबरोबर येणारी खोकी. एमआयडीसीच्या आसपास भंगारवाल्यांकडे ती फळ्या सुट्या करून मिळतात.

खोक्याची फळी घेताना तिच्यावरचा शिक्का वाचायचा. लाकडी पॅकिंगमधून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय नियम झाला. त्यानुसार फळीवर गव्हाच्या ओंबीचं चित्र, देशाची अक्षरं आणि प्रक्रियेची खूण असते. ‘एचटी’ म्हणजे फळीच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं दिलेलं आहे. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. आमचा नियम साधा होता. एचटी असेल तर घ्यायची, एमबी असेल किंवा शिक्काच नसेल तर ठेवून द्यायची. तेला-ग्रीसचे डाग असलेली फळीही नको. त्या डागावर कुठलंच पॉलिश धड बसत नाही.

फळी कोरडी आहे का हे अंदाजाने सांगता येत नाही. मटेरियल लॅबमध्ये ओव्हन असतोच. फळीचा छोटा तुकडा वजन करून १०३ अंशांवर ठेवायचा आणि वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाट बघायची. १०० ग्रॅमचा तुकडा ८८ ग्रॅमवर स्थिरावला तर पाणी गेलं १२ ग्रॅम. भागायचं मात्र कोरड्या वजनाने. म्हणजे १२ भागिले ८८, ओलावा १३.६ टक्के. घरातल्या फर्निचरसाठी १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आला की काम सुरू करायला हरकत नाही. ओल्या फळीवर पॉलिश चढवणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

सागवानाची सवय पाइनला चालत नाही

आपल्या सुतारांची पॉलिशची सगळी विद्या सागवानावर तयार झालेली आहे. सागवान मुळात तेलकट, गर्द आणि बऱ्यापैकी कठीण. त्याला लाखेचं पॉलिश दिलं की ते खुलतं. पाइनची रचनाच वेगळी. ते जवळजवळ पूर्णपणे ट्रॅकीड नावाच्या तीन-चार मिलिमीटर लांबीच्या नळीसारख्या पेशींचं बनलेलं असतं. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला या नळ्या रुंद आणि पातळ भिंतींच्या होतात, ती फिकट रेघ. हंगामाच्या शेवटी त्या अरुंद आणि जाड भिंतींच्या होतात, ती गडद रेघ. पाइनवर जे सुंदर पट्टे दिसतात ते हेच. आणि सगळी भानगडही याच पट्ट्यांत आहे.

पहिली भानगड रंगाची. फिकट पट्टा स्पंजासारखा रंग पितो, गडद पट्टा पीतच नाही. त्यामुळे सागवानी स्टेन लावला की जे फिकट होतं ते काळपट होतं आणि गडद होतं ते तसंच राहतं. फोटोची निगेटिव्ह बघितल्यासारखं वाटतं! शिवाय जिथे रेषा आडव्या-तिरक्या वर आलेल्या असतात तिथे काळे ढग उमटतात. यावर उपाय म्हणजे स्टेनच्या आधी लाखेचा अगदी पातळ हात द्यायचा, साधारण एक लिटर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम चपडी. त्याने तहानलेले पट्टे थोडे तृप्त होतात आणि रंग जरा सारखा बसतो. पण खरं सांगू का, पाइनला पाइनसारखंच दिसू द्यावं हे उत्तम.

दुसरी भानगड गाठींची. पाइनच्या गाठीत राळ असते. याच राळेपासून टर्पेंटाइन काढतात. उन्हाळ्यात टेबल तापलं की ही राळ वर येते आणि रंगातूनही पिवळा डाग पाडते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे गाठीवर लाखेचे दोन हात. लाखेचा पापुद्रा राळेला अडवतो.

तिसरी भानगड मऊपणाची. लाकडाचा कठीणपणा मोजायला यान्का चाचणी आहे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी बुडेपर्यंत दाबायची आणि लागलेलं बल नोंदवायचं. हा विचित्र आकडा का? तर त्या गोळीचं वर्तुळ बरोबर एक चौरस सेंटिमीटर भरतं. सागवानाला सुमारे ४४०० न्यूटन लागतात, अमेरिकेतल्या ईस्टर्न व्हाइट पाइनला सुमारे १७००. रेडिएटा या दोघांच्या मधे कुठेतरी बसतं. आता यावरून फिनिशबद्दल काय कळतं? हेच की फिनिशने लाकूड कठीण होत नाही. जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा तो पापुद्रा. खाली गादी आणि वर काच ठेवली तर काय होईल? टोकदार वस्तू पडली की गादी दबणार आणि काच तडकणार. म्हणून मऊ लाकडावर फार कडक, ठिसूळ पापुद्रा नको. लाकूड दबलं तर त्याच्याबरोबर थोडा वाकेल असा हवा. सागवानावर शोभणारं मेलामाइन पाइनवर कोपऱ्या-कोपऱ्यांनी तडकतं, ते यामुळे.

चौथी भानगड पाण्याची. हवेतली आर्द्रता ४० टक्के असेल तर लाकडातला ओलावा साडेसात टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तोच साडेपंधराच्या पुढे जातो. पाइनची फळी आडव्या रुंदीत प्रत्येक एक टक्का ओलाव्यामागे अंदाजे पाव टक्का फुगते. टेबलाची रुंदी ६०० मिलिमीटर आणि ओलाव्यातला फरक ४ टक्के धरला तर ६०० गुणिले ०.००२५ गुणिले ४, म्हणजे ६ मिलिमीटर. कुठलंही पॉलिश हे थांबवत नाही, फक्त लांबवतं. म्हणून दोन गोष्टी करायच्या. फळी खालच्या चौकटीला बसवताना स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, आणि फळीच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्यायचे. दिसत नाही म्हणून खालची बाजू कोरी सोडली की एक बाजू जास्त फुगते आणि टेबलाची परात होते.

डब्यातले उमेदवार

आता एकेका फिनिशची हजेरी घेऊ.

जवसाचं तेल. हे लाकडात मुरतं, पापुद्रा धरत नाही. लावायला सोपं, दुरुस्तीला त्याहून सोपं. घासा आणि परत लावा. पण पाइन ते हावरटासारखं पितं, वाळायला दिवस लागतात, पुढे पिवळेपणा येतो आणि पाण्यापासून संरक्षण बेताचंच.

लाखेचं पॉलिश. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर जो राळेसारखा पदार्थ सोडतात, त्याची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून हे होतं. झारखंडचा लाख उत्पादनात मोठा वाटा आहे. मऊ लाकूड आणि लाख यांची जोडी आपल्याकडे जुनी. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांवर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लेथवर टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. फर्निचरवर मात्र बोळ्याने हात द्यायचे. अर्ध्या तासात वाळतं, वास स्पिरिटचाच आणि तोही लवकर जातो. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे दुरुस्ती झकास. तोटा एकच, पण हॉस्टेलमध्ये तो मोठा आहे: गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं.

एनसी लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं. भराभर वाळतं, स्वस्तात चकाकतं. पण थिनर भयंकर पेट घेणारा, आणि पावसाळ्यात ते दुधाळ होतं. याचं कारण थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात लिहिण्यासारखं आहे. थिनर झटकन उडतो, उडताना पृष्ठभागाची उष्णता नेतो, पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जातो आणि हवेतलं पाणी ओल्या लॅकरवर बसतं. तोच तो पांढरा धुरकटपणा.

मेलामाइन. दोन डब्यांचं, आम्लाने घट्ट होणारं. चमक उत्तम, चहा-पाण्याला दाद देत नाही. पण पाइनवर ठिसूळ, आणि घट्ट होताना त्यातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं. डोळे चुरचुरतात ते त्यानेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे.

दोन डब्यांचं पीयू. पापुद्रा चिवट आणि लवचिक, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाइनला छान. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि आयसोसायनेट हे कामगारांना दमा जडण्याचं एक ठळक कारण आहे. नाकाला रुमाल बांधून फवारणारे कारागीर आपण सगळीकडे बघतो. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही.

पाण्यावरचं एका डब्याचं पीयू. दिसायला दुधासारखं, वाळल्यावर पारदर्शक. वास कमी, पेट घेत नाही, ब्रश पाण्याने धुता येतो आणि पाइनचा फिकट रंग तसाच ठेवतं. महाग आहे. आणि पाण्यामुळे लाकडाचे तंतू उभे राहतात, हात फिरवला तर दाढी वाढल्यासारखं लागतं.

ऑइल पेंट. याला हसू नका. गाठींना लाख, वर प्रायमर आणि मग दोन हात, एवढं केलं तर फाटक्या-तुटक्या पाइनला याच्याइतकं स्वस्त संरक्षण नाही. फक्त लाकूड दिसत नाही.

एक गोष्ट सगळ्यांना लागू. यातलं काहीही वाळवीला थांबवत नाही. त्यासाठी पॉलिशच्या आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी फळीत मुरवून फळी पुन्हा पूर्ण वाळवावी लागते. घराबाहेर ठेवायच्या वस्तूला ते चालत नाही, पावसाने धुऊन जातं.

चिंध्यांबद्दल वेगळं

हा परिच्छेद वगळू नका. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. टेबलावर ती पसरून जाते. पण तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आतली उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही, तापमान वाढतं, क्रिया आणखी वेग घेते आणि काही तासांत फडकी आपोआप पेटतात. काडी लागत नाही. २३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत अशाच जवसाच्या तेलाच्या चिंध्यांमुळे २२ व्या मजल्यावर आग लागली. तीन अग्निशामक जवान गेले. आग ३० व्या मजल्यावर थांबली, कारण तिथे स्प्रिंकलर होते. आपल्या हॉस्टेलच्या खोलीत गाद्या, जर्नल्स आणि पडदे असतात, स्प्रिंकलर नसतात. तेलाची फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवायची किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवायची. कॉटखाली कधीही नाही.

आम्ही काय ठरवलं

एकाच फळीचे तुकडे कापून त्यांवर चार फिनिश लावली आणि ते रीडिंग रूमच्या खिडकीत ठेवले. प्रत्येकाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला, म्हणजे उन्हाने रंग किती बदलतो ते दिसावं. एकेकावर मेसचा उकळता चहा ठेवला. ब्लेडने चौकटी-चौकटींची जाळी ओढून वर चिकटपट्टी लावली आणि झटकन ओढली, म्हणजे पकड कळते. कर्कटकाचं टोक ठराविक उंचीवरून सोडलं. मेलामाइनच्या तुकड्यावर टोकाभोवती केसासारख्या भेगा आल्या, पाण्यावरच्या पीयूच्या तुकड्यावर नुसता खळगा पडला. मामांनी तुकडा उजेडात धरून दोन-तीनदा फिरवला आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. सागवानाला माझं, याला हे.” फवारणीनंतर आठवडाभर मामांना खोकला असतो, हे त्याच दिवशी बोलता बोलता कळलं. तीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. टेबलांच्या वरच्या आणि खालच्या बाजूला पाण्यावरचं पीयू, तीन हात. पाय आणि कपाटं यांना लाख आणि वर मेण, कारण तिथे चहा सांडत नाही. पीयू फक्त टेबलांना लागल्यामुळे खर्चही आटोक्यात राहिला. सागवानी रंग रद्द, डाग उमटलेला स्टेनचा तुकडा दाखवल्यावर रेक्टर सर स्वतःच म्हणाले, “राहू दे, आहे तेच बरं दिसतंय.”

कृती थोडक्यात देतो. पॉलिश पेपर १२०, १५०, १८०, २२० या क्रमाने आणि नेहमी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ पट्टा जास्त झिजतो आणि फळीवर लाटा येतात. कुठे खळगा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवा. दबलेल्या पेशी वाफेने फुगतात आणि खळगा बराचसा भरून येतो. मग फळी ओल्या स्पंजने पुसून वाळवा, उभे राहिलेले तंतू २२० ने हलकेच उतरवा. गाठींना लाख लावायची, पण एक पथ्य पाळून: चपडीत नैसर्गिक मेण असतं आणि मेणावर पीयू धरत नाही. म्हणून स्पिरिटमधलं द्रावण काही दिवस न हलवता ठेवा, गाळ खाली बसला की वरचं नितळ तेवढं घ्या. त्यानंतर पीयूचे पातळ हात, दोन हातांच्या मधे वाळायला पुरता वेळ आणि ३२० चा हलका पेपर. काम कोरड्या दिवसांत, खिडक्या उघड्या ठेवून.

आणि आमच्या मित्राचा प्रश्न? पाण्यावरच्या पीयूलाही वास अगदीच नसतो असं नाही. म्हणून टेबलं व्हरांड्यात रंगवली, तिथेच आठवडाभर ठेवली आणि मगच आत घेतली. तो त्याच्या खोलीतच राहिला, कुठे दुसरीकडे झोपायला जावं लागलं नाही.

आता राहिला एकच शत्रू, कंपासच्या टोकाने टेबलावर नाव कोरणारा विद्यार्थी. त्याच्यावर अजून कुठलंही फिनिश निघालेलं नाही. तेवढं तुम्हीच सांभाळा, मंडळी!